तुझ्या युद्धात कुणालाच तहान लागत नाही

आदरणीय ताई,

मी परतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २७. बचत गटातून ड्रोनचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, आता सोयाबीन, तूर, कपाशीवर फवारणी करते. लहानपणापासून विज्ञानकथा वाचायचा नाद आहे. यंदा एक दीर्घकथा लिहिली. सन २०८९, गोदावरीच्या पाण्यावरून वरचे आणि खालचे यांच्यात युद्ध, सगळं ड्रोनचं आणि यंत्रांचं. ४२ पानं झाली. एका दिवाळी अंकाला पाठवली, तर 'हिंसा फार, विज्ञान कमी' असा शेरा मारून परत आली. मैत्रीण म्हणते आणखी मारामारी टाक, सिनेमासारखी. आई म्हणते बाईच्या जातीनं असलं रक्ताबिक्ताचं लिहू नये. माझे चुलते फौजेतून निवृत्त झालेत. त्यांना वाचायला दिली, तर आठ दिवसांनी वही परत देताना एवढंच म्हणाले, "यात कोणालाच तहान लागंना बघ." पुढं काहीच नाही. ते तसंही कधी बोलत नाहीत. सियाचीनला होते म्हणे. मी तर युद्ध पाहिलेलंच नाही. मग मला लिहायचा हक्क आहे का? का सोडून देऊ? सोबत कथा पाठवते.

— ड्रोनवाली

अगं ड्रोनवाली,

तुझी ४२ पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा एका बैठकीत, रात्री साडेअकरापर्यंत, भाजलेल्या शेंगा खात. पान उलटायची घाई होत होती, म्हणजे तुझा हात चालतो. सोडून द्यायचा विषय इथंच मिटला. दुसऱ्यांदा सकाळी वाचली, पेन्सिल घेऊन. तेव्हा लक्षात आलं, की रात्री चार लाख माणसं मेली आणि माझ्या हातातला एक दाणासुद्धा खाली पडला नव्हता.

तुझ्या चुलत्यांनी आठ दिवस वही ठेवून घेतली आणि पाच शब्दांत जे सांगितलं, ते संपादकांना जमलं नाही. मलाही दोन वाचनं लागली. ते सियाचीनला होते हे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंस. मी ते आधी वाचायला हवं होतं. एप्रिल १९८४ पासून आपली फौज तिथं बसलेली आहे आणि तिथं गोळीपेक्षा थंडीनं, हिमकड्यांनी जास्त जवान नेले. चहूकडं बर्फ, म्हणजे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही. बर्फ भांड्यात भरायचा, रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवायचा, काजळी नाकातोंडात जाते ती जाऊ द्यायची, तेव्हा कुठं घोटभर मिळणार. असं आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात पुतणीनं पाण्यासाठीच्या युद्धाची कथा दिली, आणि ४२ पानांत एकाचाही घसा कोरडा पडेना. ते आणखी काय बोलणार?

मी 'पाणी' हा शब्द मोजला. ११४ वेळा येतो. टीएमसी म्हणून येतो, साठा म्हणून, विसर्ग म्हणून, 'जलशस्त्र' म्हणून येतो. घोट म्हणून एकदाही नाही.

तेव्हा 'हिंसा फार' हा शेरा मला पटत नाही. तुझ्या कथेत स्फोट फार आहेत, हिंसा जवळजवळ नाहीच. पान १९ काढ. 'एका क्षणात पैठणपासून शहागडपर्यंत चार लाख माणसांची राख झाली.' लगेच पुढचं वाक्य: 'सेनापती रुद्रने पडद्यावरून नजर हटवली.' बाई, त्यानं हटवली ती हटवली, तूही हटवलीस! ती चार लाख कोण होती, दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यातल्या म्हशी कुणी सोडल्या, त्या राखेत आपलं माणूस शोधायला कुणी आलं का, यातलं काही नाही. रुद्र मात्र पुढं तेवीस पानं जबडा आवळून उभा आहे.

आता तुझ्याच गावची गोष्ट सांगते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तिथं चालल्या. मग उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी पोचली, आणि मार्चमध्ये फौज निघाली ती तुझ्या परतुरातून. पानिपताकडे. तू रोज ज्या रस्त्यानं ड्रोनचा टेम्पो नेतेस, त्याच मातीवरून. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, की पराभवाची बातमी पुण्याकडं आली ती एका सावकारी पत्रातून, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, अशा सांकेतिक हिशेबात. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. मला शाळेपासून या ओळीतला शेवटचा शब्दच टोचत आलाय. खुर्दा, म्हणजे चिल्लर. पखालीवाले, तट्टूवाले, दाणावैरण विकणारे, तीर्थयात्रेच्या आशेनं फौजेबरोबर गेलेल्या बाया. आपल्या भाषेनं त्यांना 'बाजारबुणगे' म्हटलं आणि पुढं त्या शब्दाची चक्क शिवी केली. अडीचशे वर्षं आपण मोती आणि मोहरांच्या कादंबऱ्या लिहितोय. तुझ्या २०८९ मध्येही दोन मोती आहेत, सत्तावीस मोहरा आहेत, आणि चार लाखांचा खुर्दा पान १९ वर एका वाक्यात सांडलाय.

मला तुझ्याकडून त्या खुर्द्यातल्या एकीची गोष्ट हवी आहे. ती तू लिहून ठेवलीच आहेस, तुला माहीत नाही एवढंच. पान ७ वर सगुणा नावाची एक बाई चार ओळींपुरती येते. ड्रोनच्या बॅटऱ्या जनरेटरपासून उड्डाणाच्या जागेपर्यंत पोचवते आणि गायब होते. ती मला संबंध पुस्तकभर हवी आहे.

कारण तिच्याबद्दल तुला जे माहीत आहे ते पुण्या-मुंबईच्या कुठल्याही विज्ञानकथाकाराला माहीत नाही. उतरलेली बॅटरी हाताला किती चटका देते, ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नसते, दहा लिटरची टाकी घेऊन गेलेलं यंत्र सात-आठ मिनिटांत एकर उरकून परत येतं आणि पुढची जोडी तयार नसेल तर मालक कसा बघतो. वारा सुटला की काम बंद. पान ११ वर तू लिहिलंयस, की पंख्यांच्या वाऱ्यानं सोयाबीनची पानं उलटतात आणि क्षणभर वावर पांढरट दिसतं. सगळ्या कथेत मी पेन्सिल खाली ठेवली ती या एका ओळीला. ही ओळ ऐकीव नाही, तू पाहिलेली आहे. २०८९ च्या युद्धातही बॅटरी निवायला वेळ लागेल. त्या दहा मिनिटांत सगुणा काय करते? कुठं बसते? समोर डबा आहे, पण हाताला कसला वास येतोय म्हणून ती खात नाही?

युद्ध बघितलेलं नाही म्हणतेस. तू ज्या यंत्राचं पोट औषधानं भरतेस, तेच यंत्र आज जगात दुसरं काहीतरी पोटाशी धरून उडतंय. युक्रेनच्या युद्धात आता काही ड्रोन रेडिओऐवजी काचेच्या बारीक तंतूवर चालवतात, समोरच्याला जॅमर लावून अडवता येऊ नये म्हणून. यंत्र पुढं जातं तसं मागं रिळातून तंतू सुटत जातो, कित्येक किलोमीटर. ते काम एकदाच करायला गेलेलं असतं, परत येत नाही. तंतू मात्र तिथंच राहतो. शेतंच्या शेतं त्या तंतूंनी भरली आहेत, ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी चकाकतात. बातमीत सेनापती काय म्हणाला ते असतं. तू शेतकऱ्याची पोर आहेस, तुला पहिला प्रश्न वेगळाच पडायला हवा: तिथं पाळी कोण घालणार? रोटाव्हेटरच्या पात्यात तो गुंता अडकला तर सोडवायचा कसा? फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले तोफगोळे अजून नांगराला लागतात, शंभर वर्षं उलटून गेली तरी. तिकडचे लोक त्याला लोखंडाची सुगीच म्हणतात. तुझ्या कथेत युद्ध पान ४१ वर संपतं आणि पान ४२ वर झेंडा लागतो. माझ्या मते कथा पान ४२ नंतर सुरू होते, पहिल्या पेरणीला.

आता विज्ञानाचं. संपादकांना बहुधा आकृत्या आणि सूत्रं हवी असावीत; ते सोड. विज्ञानकथेत विज्ञान किती यापेक्षा त्या विज्ञानानं काय उघडं पाडलं हे बघायचं. इंग्लंडात एच. जी. वेल्सनं १८९८ मध्ये मंगळावरून यंत्रं आणली, उष्णतेचे किरण आणले, आणि लंडनची धूळधाण केली. पण पहिल्याच प्रकरणात तो आपल्या वाचकाला आठवण देतो, की आपणही टास्मानियातल्या माणसांचं हेच केलं, मग मंगळवाल्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवायची? तेव्हा जवळजवळ पाव जगावर ज्यांचं राज्य होतं, त्यांना त्यानं दोन-तीनशे पानं पळायला लावलं. किरण त्यासाठी हवे होते.

याच वेल्सनं १९१४ मध्ये आणखी एक कादंबरी लिहिली, त्यात अणुबॉम्ब आहेत. नावासकट! विमानातून हातानं खाली टाकायचे, आणि पडल्यावर दिवसेंदिवस धुमसत राहायचे. पुढं लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञानं ती १९३२ मध्ये वाचली. दुसऱ्या वर्षी लंडनच्या रस्त्यावर चालताना त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली, आणि त्यातून काय निघू शकतं हे कादंबरीमुळं त्याला आधीच ठाऊक होतं. म्हणून त्यानं पेटंट काढलं ते उघड होऊ नये म्हणून १९३६ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या हवाली केलं. तरी हिटलर आधी करील या भीतीनं १९३९ मध्ये आइन्स्टाइनची सही घेऊन अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र धाडणाराही तोच. आणि जुलै १९४५ मध्ये, जपानवर असा वापर करू नका म्हणून सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करत फिरणाराही तोच. तीन आठवड्यांत हिरोशिमा झालं. मला हा माणूस फार दिवस पुरलाय. एका कथेनं त्याला वाट दाखवली, भीतीही दाखवली, आणि तो दोन्हींच्या मागं धावला. तेव्हा कुणी तुला 'काल्पनिक तर आहे' म्हणून गप्प केलं तर झिलार्डचं नाव सांग.

त्याच्याही आधीचा आपल्याकडचा दाखला देते, पण आधी एक तंबी. 'महाभारतात अणुबॉम्ब होता' म्हणणाऱ्या काकांच्या नादी लागू नकोस, नव्हता. होता तो कवी, आणि तो जबरदस्त होता. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघंही महाअस्त्र सोडतात. मागं घ्या म्हटल्यावर अर्जुनाला ते घेता येतं. अश्वत्थाम्याला सोडायचं ठाऊक आहे, आवरता येत नाही. मग ते अस्त्र कुठं वळतं? उत्तरेच्या गर्भावर. हातात आलेली गोष्ट परत घेता येते का, आणि नाही आली तर ती कुणाच्या पोटावर पडते. सगळ्या युद्धविषयक विज्ञानकथेचं बीज मला या प्रसंगात दिसतं. तुझ्या रुद्रकडं जलशस्त्र परत घ्यायचं बटण आहे का, हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस. लिही. नसेल तर सगुणेला ते माहीत असू दे.

आईला याच्याच पुढचं पर्व सांग. अठरापैकी अकरावं, नावच स्त्रीपर्व. युद्ध आटोपलेलं आहे, आणि गांधारी, कुंती, सुना, विधवा रणावर चालत चालत आपापली माणसं ओळखताहेत. एखादीला धड मिळतं, शिर मिळत नाही. रक्ताबिक्ताचं म्हणशील तर याहून जास्त कुठं नाही, आणि त्या पर्वात बोलणाऱ्या बहुतेक बायाच आहेत. बाईच्या जातीनं लिहू नये असं नेमकं कुणी ठरवलं, हे आईला हळूच विचार. (वाद घालू नकोस. भाकरी थापताना विचार, तेव्हा आया खरं बोलतात.)

मैत्रिणीच्या सल्ल्यावर फार थांबत नाही. सिनेमात मारामारी बघायला मलाही आवडते.

तुझ्या शत्रूबद्दल मात्र भांडायचंय. 'वरचे' म्हणजे नाशिक-नगरकडचे, सगळे एकजात गुळगुळीत चेहऱ्याचे, थंड डोळ्यांचे. अगं, आपला राग मला कळतो. नाथसागरात, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणात, ७६ टीएमसी उपयुक्त साठ्याची जागा आहे आणि वाईट साली ऑक्टोबरात तिथं काय उरतं, वरून किती सोडायचं, यावर दरवेळी कोर्टकचेऱ्या होतात. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या गाडीला लोकांनी हार घातले, तेव्हा मी घरी बसून टीव्हीवर बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बातमी १९९० च्या लातूरकरानं विज्ञानकथा म्हणूनसुद्धा छापली नसती. म्हणजे तुझा विषय अस्सल आहे, अगदी इथला. पण धरणाच्या वरच्या बाजूलाही द्राक्षाच्या बागेवर कर्ज काढलेला माणूस आहे, आणि त्याच्याकडंही बॅटऱ्या वाहणारी एखादी बाई असणार. तिचं नाव काय? आजवर हे भांडण अर्ज, आदेश आणि तारखांवर निभावलंय, एकमेकांवर बंदुका रोखल्या गेल्या नाहीत. तुझ्या कथेत पहिल्या ड्रोनआधी कुठला तरी कागद कुणीतरी फाडला असेल. तो दिवस मला तुझ्या सगळ्या स्फोटांपेक्षा जास्त वाचायचाय.

इथं नारळीकर सरांची आठवण काढते. २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांची गंगाधरपंत आणि पानिपतावरची कथा तू वाचली असशीलच. त्यात त्यांनी काय केलं? विश्वासरावांना लागलेली गोळी तिळभर चुकवली, बस्स. तेवढ्यावर अख्खा इतिहास दुसऱ्या रुळावर गेला. तोफांची वर्णनं नाहीत, प्रेतांचे ढीग नाहीत. गणितानं त्यांना एवढंच दिलं होतं, की अगदी लहान फरकानं फार मोठा फरक पडू शकतो, आणि त्यांनी ते एका कानाजवळून गेलेल्या गोळीत बसवलं. तुला चाळीस प्रकारची अस्त्रं लागली. आणि संपादकाच्या शेऱ्यानं खट्टू झाली असशील तर हेही ऐक: १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. नावाचं वजन पडू नये म्हणून. पहिला नंबर आला. ती स्पर्धा तुझ्यासाठीही आहे.

दौलताबादची अंधारी पाहिलीयस का? आम्ही सातवीच्या सहलीला गेलो होतो. खडकात कोरलेला वळणावळणाचा बोगदा, मधेच वाटा फुटतात. वाटाड्यानं आत नेऊन टेंभा विझवला आणि म्हणाला, इथं शत्रू शिरला की अंधारात एकमेकांनाच कापायचा, वरच्याला हातही लावावा लागायचा नाही. पोरी किंचाळल्या, हसल्या. मला मात्र तो बोगदा कोरणारा कारागीर आठवत राहिला. त्यानं कुणाचं रक्त पाहिलं नसेल, छिन्नी चालवली आणि मजुरी घेतली असेल. अमेरिकेचे ड्रोनचालक नेवाडाच्या वाळवंटात खोलीत बसून दुसऱ्या खंडावर मारा करतात आणि पाळी संपली की गाडी काढून घरी जेवायला जातात. अंधारीतला कारागीर, नेवाडातला चालक आणि तुझी सगुणा यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. तुलाही ते नातं माहीत असणार. औषध मारताना पडद्यावर नुसता हिरवा नकाशा दिसतो, खाली काय वळवळतंय ते दिसत नाही. कीड आणि माणूस एक नव्हे, हे मला कळतं. सगुणेला हा विचार एकदा तरी येऊन जायला हवा, एवढंच.

राहिले चुलते.

जो हॅल्डमन नावाचा एक अमेरिकन लेखक आहे. भौतिकशास्त्र शिकला, लगेच व्हिएतनामला पाठवला गेला, जखमी होऊन परतला. १९७४ मध्ये त्याची कादंबरी आली. त्याआधी एकामागून एक प्रकाशकांनी ती नाकारली होती, व्हिएतनामवरची विज्ञानकथा कोण वाचणार म्हणून. त्यात सैनिक प्रकाशाच्या जवळपास वेगानं लढायला जातात. आइन्स्टाइनच्या नियमानं त्यांचे काही महिने होतात तेवढ्यात पृथ्वीवर पिढ्या उलटतात. परत येतात तेव्हा भाषा बदललेली, माणसं बदललेली, आपलं म्हणावं असं काही उरलेलं नाही. हजारावर वर्षं चाललेलं ते युद्ध मुळात कशावरून जुंपलं हे शेवटी कळतं, ते मी सांगत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की व्हिएतनामहून घरी आलेल्या पोराला जे वाटलं आणि सांगता येईना, ते त्यानं सापेक्षतेच्या गणितातून सांगितलं. विज्ञानकथेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. तुझे चुलते सुट्टीवर परतूर स्टेशनला उतरायचे, तेव्हा गावात एक दिवाळी होऊन गेलेली असायची. त्यांच्या घड्याळात किती झालेलं असेल?

पण हे त्यांना विचारू नकोस. मी ही चूक केलेली आहे. विशीत होते, मुक्तिसंग्रामावर कथा लिहायची होती, आजीच्या मागं लागले. रझाकार आले तेव्हा तू कुठं होतीस, काय पाहिलंस, कुणाला मारलं? आजी पदर डोक्यावर ओढून घ्यायची आणि उठून जायची. दोन वर्षं हे चाललं. मग एकदा, कथेचा नाद सोडल्यावर, मी सहज विचारलं की ज्वारीत लपायचात तर पाणी कुठलं प्यायचात? तर ती संध्याकाळपर्यंत बोलली. ओढ्यातलं, फडक्यानं गाळलेलं, लेकरांना आधी. पुढं १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला फौजा आल्या, निजाम शरण गेला, गावात गुलाल उडाला. त्यानंतरचे काही दिवस तिनं एवढ्यातच सांगितले: "शेजारचं खालाचं घर रातूनच मोकळं झालं. त्यांची शेळी आपल्या दारात आली. दोन वर्षं दूध पिलं तुझ्या बापानं तिचं." खाला कुठं गेल्या, आहेत का, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या कथेत तोवर तलवारी, आगी, घोषणा सगळं होतं. शेळी नव्हती.

हक्काचं विचारलंस. युद्ध न पाहिलेल्यानं युद्धावर लिहू नये असा नियम केला तर पाहिलेल्यांनीच सगळं ओझं वाहायचं, आणि ते तर बोलत नाहीत. तू लिही. फक्त जिथं तुला माहीत नाही तिथं मोठा आवाज काढू नकोस. पहिली सहा पानं, ज्यात अस्त्रांची नावं आणि पल्ले आहेत, ती काढून टाक. परत वाचलीस तर तुलाही कंटाळा येईल. रुद्रला मारायची गरज नाही, त्याला नुसता दूर पडद्यावर ठेव. सगुणेला पान ७ वरून उचलून पान १ वर आण.

आणि पोळ्याच्या आत चुलत्यांकडं जा. वही नेऊ नकोस. कुणाला मारलं, भीती वाटली का, असलं काही विचारू नकोस. स्टोव्हवर बर्फ ठेवला की त्याचं तांब्याभर पाणी व्हायला किती वेळ लागायचा, एवढंच विचार. मिनिटांत सांगतील किंवा सांगणार नाहीत. सांगितलं तर तो आकडा सगुणेच्या पहिल्या पानावर घाल, आणि ते पान मला धाड.

तुझी ताई